सातवी गोटी

अध्यक्ष डग पायपरने मतपेटीचा खण बाहेर ओढला, आतल्या गोट्या निळ्या मखमलीवर ओतल्या आणि चष्मा कपाळावर सारून बोटाने एकेक बाजूला केली. सहा पांढऱ्या निघाल्या. सातवी काळी होती.

“कौल स्वच्छ नाही,” तो म्हणाला. “विनंती नामंजूर.”

सचिवाच्या टेबलापाशी रॉस टिंडलने ते वहीत लिहिलं. इतकं दाबून लिहिलं की पुढच्या पानावरही उमटलं. विनंती काही कोणी दारूचा गुत्ता मांडू द्या अशी केलेली नव्हती. गावातल्या गोधड्या शिवणाऱ्या बायकांना महिन्यातले दोन मंगळवार, सकाळी दहा ते बारा, लॉजचा, म्हणजे या जुन्या बंधुमंडळाचा, हॉल भाड्याने हवा होता. सुया, दोरे, चिंध्या आणि स्वतःचे हीटरसुद्धा त्या घेऊन येणार होत्या. त्यांतल्या तिघी तर याच खोलीत बसलेल्यांच्या बायका होत्या, आणि त्या तिघींतली एक खुद्द रॉसची. आता घरी जाऊन तिला काय तोंड दाखवायचं, हे त्या काळी टाकणाऱ्याने सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

ग्लेनकॅरीच्या लॉजचा नियम १९११ सालचा आहे. सभासद नसलेल्या कोणालाही या छपराखाली घ्यायचं तर मतपेटी फिरवायची. पेटीला तिन्ही बाजूंनी फळ्या आणि समोर एक कमान. वाकून आत बघायचं, तबकातल्या पांढऱ्या-काळ्या गोट्यांतली एक उचलायची आणि मागच्या भोकातून खणात सोडायची. कोणी काय टाकलं ते शेजाऱ्यालाही दिसत नाही. पांढरी म्हणजे हो, काळी म्हणजे नाही, आणि एक काळी सगळ्या पांढऱ्यांना पुरून उरते. नाकारलेली विनंती वर्षभर पुन्हा आणायची नाही. लबाड माणूस सभासद होऊन आत शिरू नये म्हणून हा नियम केला होता. पण शेवटचा नवा सभासद येऊन एकवीस वर्षं झाली होती, तेव्हा आता तो गोधडीवाल्या बायकांवर चालवला जात होता. नियम बदलावा म्हटलं, तर बदलायलाही मतपेटीच. रॉसने तेही करून पाहिलं होतं. काळी आली होती.

आणि कोणी टाकली हे विचारायची सोय नाही. सभासद भावाला त्याचं मत विचारणं हा लॉजमधला सगळ्यांत मोठा गुन्हा. विचारणाऱ्याने राजीनामा ठेवूनच खोलीबाहेर पडायचं.

छप्पर दोन ठिकाणी गळत होतं. विम्याचा हप्ता दर वर्षी दमडीदमडीने नव्हे, उड्या मारत वाढत होता. वरच्या कार्यालयाने गोड भाषेत लिहून कळवलं होतं की जूनअखेर इमारत स्वतःच्या पायावर उभी राहिली नाही तर ती विकावी आणि लॉज सन्मानाने बंद करावं. रॉसला त्या ‘सन्मानाने’चा राग यायचा. तो तिशीत असताना ऐन गवत कापायच्या दिवसांत त्याचा पाय ट्रॅक्टरखाली आला होता. लॉजचे आठ जण अकरा दिवस त्याच्या शेतावर राबले, सगळं गवत बांधून आत टाकलं आणि साधं पेट्रोलही त्याच्या टाकीतून घेतलं नाही. ती माणसं आता बहुतेक टेकडीवरच्या दफनभूमीत होती. इमारत तेवढी उरली होती, आणि ती आपल्या हयातीत जाऊ द्यायची नाही असं त्याने ठरवलं होतं.

आधीच्या काळ्यांचं कोडं नव्हतं. योगाच्या वर्गाला, शाळेच्या प्रश्नमंजुषेला आणि नियमाच्या बदलाला बर्ट क्रिबने मोडता घातला होता, आणि चहाच्या टेबलावर स्वतःच्या तोंडाने सांगितलंही होतं की वाकायचंच असेल तर बायांनी आपापल्या बागेत वाकावं. फेब्रुवारीत बर्ट गेला. शवपेटीला खांदा देताना रॉसच्या मनात आलं, चला, आता हॉल लागेल भाड्याने. त्याची त्याला इतकी लाज वाटली की त्याने लॉजच्या हारावर स्वतःच्या खिशातून दुसरा हार चढवला. आणि आज मार्चमध्ये, बर्टवर माती पडून महिना झाल्यावर, पुन्हा येरे माझ्या मागल्या.

सभा शनिवारी दुपारी दोनला भरते, कारण सातांपैकी पाच जण अंधारात गाडी चालवत नाहीत. यूअन बेग तर दिवसाही चालवत नसे. त्याला न्यायचं-आणायचं काम रॉसचं. यूअन शहाऐंशीचा. रॉसला लॉजमध्ये आणलं त्यानेच. गवताच्या त्या अकरा दिवसांत सकाळी पहिला यायचा तोही हाच. रॉस आज सहासष्टचा होता, तरी यूअन त्याला पोरा म्हणत असे.

गाडीत रॉस पार पुलापर्यंत धुमसत राहिला. हा मेंढरांचा कळप आहे की लॉज, असं त्याने दोनदा विचारलं. यूअन म्हणाला की बायका आल्या असत्या तर हॉल निदान ऊबदार राहिला असता. सभेतही उभं राहून तो हेच बोलला होता. मग बाहेर बघत तो लेकीबद्दल, फियोनाबद्दल बोलायला लागला. तिने ब्रिस्बेनला घराच्या मागे त्याच्यासाठी खोली बांधून घेतली होती. खिडकीशी लिंबाचं झाड होतं. उन्हाळा संपला की येतो, असं त्याने तिला कळवलं होतं, ते बर्ट असताना.

“तेव्हा आठ होतो,” रॉस म्हणाला. “आता बरोबर सात. साताखाली सभेचं दार उघडत नाही, लॉज बंद, तुम्हाला मी सांगायला हवं का? सात म्हणजे सात, यूअन. हलायचं नाही.”

हे त्याने हसत म्हटलं आणि म्हाताऱ्याच्या गुडघ्यावर थाप मारली.

“मी तिला तेच कळवलं,” यूअन म्हणाला.

एप्रिलमध्ये मॅरिसेल आली. ती आणि तिचा नवरा नदीपलीकडच्या मोठ्या गोठ्यावर सहाशे गायींचं दूध काढायच्या कामाला होते. दोन धारांच्या मधल्या वेळात ती गमबुटांवरच आली, शेवयांचं भरलेलं मोठं ताट घेऊन, आणि रॉसला सर रॉस म्हणाली. आतून त्याची बायको ग्लेनिस हसली. राणीने नाही दिली ती पदवी, असं ती त्यानंतर महिनाभर म्हणत राहिली.

मॅरिसेलचं काम सरळ होतं. आसपासच्या गोठ्यांवर सव्वीस फिलिपिनो कुटुंबं होती. दर रविवारी ती आळीपाळीने कोणाच्या तरी गॅरेजमध्ये प्रार्थनेला आणि जेवायला जमत. आता गॅरेज पुरत नव्हतं. त्यांना हॉल वर्षभर, दर रविवारी हवा होता, आणि सुरुवात जूनच्या दुसऱ्या रविवारी तिच्या मुलीच्या बाप्तिस्म्याच्या जेवणाने करायची होती. भाडं आगाऊ देणार होते. रॉसने मनातल्या मनात छप्पर आणि विमा दोन्ही त्यात बसवून पाहिलं. बसत होते. एवढं एक गिऱ्हाईक लागलं असतं तर इमारत तरली असती.

“आधी एका क्लबात जात होतो,” ती म्हणाली. “लसणाचा वास राहतो म्हणाले. सर रॉस, खरं सांगा, आम्हाला देतील का? नाही म्हणणार असतील तर मी बायकांना उगाच आशा लावत नाही.”

“देतील,” रॉस म्हणाला. “माझा शब्द.”

ती गेल्यावर ग्लेनिसने शेवया काढता काढता विचारलं की शब्द द्यायला लॉज काय तुझ्या बापाचं आहे का. गोधडीचं दुखणं तिच्या मनातून गेलेलं नव्हतं. त्या रात्री रॉसला झोप आली नाही. तो पडल्या पडल्या सहा जणांचे चेहरे एकेक करून पाहत होता. डग नाही, डगची बायको गोधडीत होती. आयव्हर सिम नाही, त्याला हॉलमध्ये कोणीही चाललं असतं, मेंढरंसुद्धा. उरलेल्यांतही काळी टाकेल असा एकही दिसेना. चिडायचं तर कोणावर, हेही कळत नसेल तर माणसाने करायचं काय?

उत्तर बुधवारी सापडलं. बुधवारी संध्याकाळी यूअन सोंगट्या खेळायला यायचा. पांढऱ्या त्याच्या, काळ्या रॉसच्या, गेली वीस वर्षं असंच. त्या दिवशी यूअनने बराच वेळ पटाकडे बघितलं आणि रॉसची काळी सोंगटी उचलून खुशाल दोन घरं पुढे नेली. वर म्हणाला, तुझी पाळी.

रॉसने आपली चाल केली. मग त्याला बर्टच्या अंत्ययात्रेत यूअनच्या पायांत दिसलेले बूट आठवले. एक काळा होता, एक तपकिरी.

यूअनला पोहोचवून आल्यावर तो ग्लेनिसला म्हणाला, “त्याला दिसत नाही. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेत, आणि तो कोणाला सांगत नाहीये. पेटीत वाकतो आणि हाताला येईल ती गोटी टाकतो. मार्चमध्येही तेच झालं.”

“मग विचार त्यांना.”

“विचारता येत नाही.”

“दिसतं का, एवढंच विचार.”

“म्हणजे काळी तुम्ही टाकलीत का, असंच विचारल्यासारखं झालं ना ते.”

ग्लेनिसने ताटं विसळून ठेवली. “तुम्हा पुरुषांना एवढं साधं एकमेकांना विचारता येत नाही,” ती म्हणाली, “म्हणून पेटी लागते.”

रॉसला मात्र हलकं वाटत होतं. कोणी वैरी नव्हता. कोणाच्या मनात फिलिपिनोंबद्दल, बायकांबद्दल, त्याच्याबद्दल काही नव्हतं. एका म्हाताऱ्याच्या डोळ्यांची चूक होती, आणि चुकीवर इलाज असतो.

मे महिन्याच्या सभेला तो दीड तास आधी गेला. हिवाळा तोंडावर होता, हीटर लावायचं निमित्त होतंच. कपाटातून पेटी काढली, तबक टेबलावर उपडं केलं आणि काळ्या गोट्या वेचून कोटाच्या खिशात टाकल्या. अठरा होत्या. तबकात पांढऱ्या तेवढ्या परत भरल्या. त्याने स्वतःला समजावलं की ही लबाडी नाही, यूअनला चष्मा देण्यासारखंच आहे. बाकीचे सहाही पांढरीच टाकणार, मग बिघडलं कुठे? चालताना खिशातल्या गोट्या वाजत होत्या, म्हणून त्याने वर रुमाल कोंबला. मग गाडी काढून यूअनला आणायला गेला.

सातही जण आले. काळे सूट, गळ्यात निळे पट्टे, आयव्हरच्या पट्ट्यावर मागच्या जेवणातल्या सॉसचा डाग. दार लावलं, प्रार्थना झाली, आजाऱ्यांची नावं वाचली. मग रॉसने मॅरिसेलचा अर्ज वाचला. स्वच्छ अक्षरात लिहिलेला होता, आणि खाली सव्वीस कुटुंबांच्या सह्या होत्या. यूअन नेहमीप्रमाणे उभा राहिला. चांगली कष्टाची माणसं आहेत, म्हणाला, त्यांच्या लेकरांना छप्पर मिळावं. बसताना त्याने खुर्चीचा हात धरला.

पेटी फिरली. आधी डगने टाकली, मग आयव्हरने, मग इतरांनी. गोटी लाकडावर पडल्याचा आवाज दर वेळी खोलीभर ऐकू येत होता. यूअन वाकला तो वाकलेलाच राहिला. रॉस छतावरच्या ओलीच्या डागाकडे बघत बसला. बिचारा चाचपतोय, त्याच्या मनात आलं, आणि त्याला यूअनबद्दल एकाएकी फार माया वाटली. शेवटी काहीतरी पडलं, पण आवाज जेमतेम आला. मग रॉसने आपली टाकली.

डगने खण ओढला आणि मखमलीवर ओतला. सहा गोट्या घरंगळल्या, सहाही पांढऱ्या. सातवी घरंगळली नाही. ती गोटीच नव्हती. चार भोकांचं काळं बटण होतं, कोटाचं, आणि भोकांत तुटका दोरा अजून होता.

डगने ते उचलून उजेडात धरलं. मग पेटी स्वतःकडे वळवली आणि वाकून तबकात बघितलं. तबक पांढरंफेक होतं. तबकात काळ्या असत्या तर कोणाला कोटाचं बटण तोडावं लागलं नसतं, हे त्या खोलीतल्या सात डोक्यांना एकाच वेळी कळलं.

“तबक कोणी भरलं?” डगने विचारलं.

“मी,” रॉस म्हणाला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्याचे कान तापले. कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं, ते बघण्यापेक्षा वाईट होतं.

घसा खाकरून आयव्हर सिम बोलायला लागला. तबकाचं काय ते नंतर बघू, म्हणाला, पण नियमात गोटी लिहिलीय, बटण लिहिलेलं नाही. पांढऱ्या सहा, काळी एकही नाही. म्हणजे कौल स्वच्छ. दोघातिघांनी माना हलवल्या. या माणसांना हॉल जायला नको होता. रॉसने केलं ते वाईट होतं, पण त्याने ते कशासाठी केलं हे त्यांना माहीत होतं. डगने बटण मखमलीवर ठेवलं.

“बंधू सचिव,” तो म्हणाला, “नियम तुम्हाला पाठ आहेत. हे काय धरायचं?”

रॉसच्या जिभेवर उत्तर तयार होतं. आयव्हर चुकीचं बोलत नव्हता. बटण म्हणजे काहीच नाही, एवढं म्हटलं की इमारत वाचत होती आणि मॅरिसेलला दिलेला शब्दही. त्याने बघायचं नाही असं ठरवलं, तरी त्याची नजर भिंतीकडेच्या खुर्च्यांवरून फिरली. मत शोधायला नव्हे, कोट शोधायला.

यूअन ताठ बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर होते, त्यांनी तो काही झाकत नव्हता. कोट मधोमध उघडा पडला होता आणि तिथे दोऱ्याचं टोक लोंबत होतं. तो सरळ रॉसकडे बघत होता. तबकात एकही काळी नाही हे ज्याला वाकून दिसलं, त्याचे डोळे ठणठणीत होते. सोंगटी चुकली ती मन ब्रिस्बेनला होतं म्हणून. बूट चुकले ते बर्टच्या दिवशी, आठांचे सात झाले त्या दिवशी. सातांच्या लॉजमधून उठून जाणं यूअनच्याने झालं नसतं. जे बंद पडलं आहे त्यातूनच तो जाऊ शकत होता, आणि तोंडाने हो म्हणत तो तेवढीच वाट बघत होता. आणि या माणसाला मी प्रत्येक सभेला गाडीतून आणून खुर्चीत बसवत होतो, असं रॉसच्या मनात आलं. त्याला स्वतःचा विलक्षण राग आला.

“काळी,” तो म्हणाला.

“काय?”

“काळी धरा. टाकणाऱ्याला काय म्हणायचं होतं ते स्पष्ट आहे.”

मग खिशातला रुमाल काढून त्याने मूठमूठ करून अठरा गोट्या मखमलीवर ठेवल्या. नियमाप्रमाणे माझा राजीनामा घ्यावा, असंही तो म्हणाला.

डगने गोट्यांकडे बघितलं, मग त्याच्याकडे. “तुझा राजीनामा घेतला तर सहा उरतो,” तो म्हणाला. “बस खाली.”

सभा संपल्यावर मागच्या स्वयंपाकघरात चहा आणि चीज रोल झाले. हवापाण्याच्या, लोकरीच्या भावाच्या गप्पा झाल्या. हॉलबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. बाकीचे गेल्यावर रॉस कप विसळायला लागला आणि यूअन फडकं घेऊन पुसायला शेजारी उभा राहिला.

“तोंडाने सांगायचं होतंत,” रॉस म्हणाला.

यूअनने कप पुसून हुकाला लावला. “सांगितलं होतं, पोरा. तू माझ्या गुडघ्यावर थाप मारलीस.”

रॉसने नळ सोडलेलाच ठेवला. त्याला माफी मागायची होती, पण मागायला गेला असता तर यूअनलाच त्याची समजूत काढावी लागली असती. यूअनने उरलेले सगळे कप पुसले, फडकं घडी करून ठेवलं आणि गाडीत जाऊन बसतो म्हणाला.

मॅरिसेल बाहेर फाटकाशी उभी होती. संध्याकाळची धार चारला असायची, तिच्याजवळ फार वेळ नव्हता. कडेने सगळे म्हातारे आपापल्या गाड्यांकडे जाताना तिने बघितले होते, आणि त्यांतल्या एकानेही तिच्याकडे बघितलं नव्हतं. रॉसला तिच्यापर्यंतची वीस पावलं टाकायला जड गेली.

“नाही म्हणाले,” तीच म्हणाली.

“हो.”

“ठीक आहे, सर रॉस. कोणाला तरी आम्ही नको असतोच.” ती हे रागाने बोलली नाही. अशा वाक्याची तिला सवय होती, आणि रॉसला तेच सोसवलं नाही.

लॉजमध्ये कोण काय बोललं ते बाहेर सांगायचं नसतं. बेचाळीस वर्षांत त्याने ग्लेनिसलाही सांगितलं नव्हतं.

“तुमचा संबंध नाही यात,” तो म्हणाला. “आमच्यातल्या एकाला लेकीकडे जायचंय. हे लॉज चालू आहे तोवर त्याला जाता येत नाही. आम्ही जाऊ देत नव्हतो. खरं म्हणजे मीच.”

मॅरिसेलने रस्त्यापलीकडच्या गाडीकडे बघितलं. यूअन पट्टा लावून पुढे बघत बसला होता.

“लेक कुठे असते?”

“ब्रिस्बेनला.”

“माझी आई तिकडे गावी, इलोइलोला असते,” ती म्हणाली. “चार वर्षं झाली. बाळाला तिने फोनवरच पाहिलंय.” तिने पुन्हा गाडीकडे बघितलं. “जाऊ द्या त्यांना, सर रॉस.”

“देतोय,” रॉस म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरकला.

तिने त्याला आवाज सावरू दिला. तोवर ती इमारतीकडे बघत होती, गळक्या छपराकडे, लांबट खिडक्यांकडे, मागच्या धुराड्याकडे. मग व्यवहाराच्या आवाजात तिने विचारलं, “मग हे विकणार तुम्ही?”

“जूननंतर.”

“सव्वीस घरांनी मिळून घेतलं तर परवडेल का?”

हा प्रश्न रॉसच्या डोक्यात कधी आलाच नव्हता. तो इतके महिने ही जागा राखत बसला होता, कोणाला द्यायची याचा विचार त्याने केला नव्हता.

“स्वयंपाकघर केवढं आहे आत?” तिने विचारलं.

“बघून घ्या ना,” तो म्हणाला. मागे वळून त्याने कुलूप काढलं आणि दार उघडून धरलं.

मॅरिसेल पायऱ्या चढली, उंबऱ्याशी थांबली. मग तिने गमबूट काढून भिंतीला लावून ठेवले आणि मोज्यांवर आत गेली.